मदत हवी आहे: शेपटी उचलली की माझं मॉडेल विमान पुष्पक डावीकडे पळतं, रडर (उभ्या शेपटीची हलती पट्टी) कधी आणि किती द्यायचा?

नमस्कार मंडळी,

गुहागरला ओहोटीच्या वेळी पुळण टणक होते, तिथे मी रेडिओवर चालणारं पुष्पक विमानाचं मॉडेल उडवतो. खरं पुष्पक एचएएलचं, 1958 साली पहिल्यांदा उडालेलं, दोन माणसांचं, 90 अश्वशक्तीचं, शेपटीखाली चाक असलेलं. माझे काका फ्लाइंग क्लबात त्याच्यावरच शिकले. त्यांची नजर आता अधू होत चालली आहे, म्हणून पावसाआधी त्यांना हे उडताना दाखवायचंच आहे.

थ्रॉटल दिला (इंजिनाचा जोर वाढवला), शेपटी उचलली, की नाक डावीकडे जातं. मी उजवा रडर देतो, पण उशिरा, आणि मग जास्त. रविवारी ते उजवीकडे गर्रकन फिरलं, डाव्या पंखाचं टोक वाळूत रुतलं आणि आतली बाल्साची पट्टी मोडली.

काका सांगतात, मागून पाहिलं तर प्रॉपेलर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, त्याची हवा पिळवटत येऊन उभ्या शेपटीला डाव्या अंगाने लागते. त्यात शेपटी झटक्यात उचलली तर प्रॉपेलर भोवऱ्यासारखा वागतो आणि नाक आणखी डावीकडे ढकलतो. (टायगर मॉथ या जुन्या विमानाचा प्रॉपेलर उलटा फिरतो, तिथे डावा रडर लागतो.) वजन पुढच्या चाकांच्या मागे असल्याने एकदा सुरू झालेली गिरकी आपोआप वाढत जाते.

काल वाऱ्याचंही लक्षात आलं. दक्षिणेला होड्या ओढलेल्या असतात, म्हणून मी कायम उत्तरेकडे तोंड करून धावतो. दुपारचं खारं वारं डावीकडून शेपटीवर येतं, म्हणजे तेही नाक डावीकडेच वळवतं! मग पहाटे मतलई असताना उडवावं का?

जाणकारांनी कृपया सांगावं: थ्रॉटल हळूहळू वाढवत पहिल्यापासूनच थोडा उजवा रडर धरावा का? इंजिन उजवीकडे दोन अंश वळवून बसवलं तर फरक पडेल का? चाकं किंचित आत वळवावीत का?

आणखी एक. नुसत्या एलेरॉनने (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांनी) वळवलं की नाक आधी उलट्या बाजूला जातं, म्हणून रेडिओत रडर मिक्स करायचा, म्हणजे एलेरॉनबरोबर तो आपोआप वळेल असं करायचा विचार आहे. पण उतरताना कमी वेगात नाक रडरने ढकलून वळवायचं नाही, आतला पंख पडून स्पिन लागते (विमान गरगरत खाली येतं) आणि सावरायला उंचीच नसते, असं काकांनी दोनदा बजावलंय. मग मिक्स ठेवू, की अंगठ्यानेच देऊ?

पंख शनिवारपर्यंत दुरुस्त होईल.