मदत हवी आहे: क्रूझवर शेजारच्या दोन बाल्कन्यांमधलं पार्टिशन उघडून मिळेल का?

नमस्कार मंडळी. सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर दोन मित्रकुटुंबांसाठी लागून असलेल्या बाल्कनी केबिन घ्यायच्या आहेत. बऱ्याच जहाजांवर एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम क्रमांक असतात. म्हणजे 8230 ची शेजारीण 8232, 8231 नव्हे. म्हणून 'गॅरंटी' दर स्वस्त असला तरी नको, त्यात केबिन कंपनी ठरवते.

आतून जोडणारं दार नकोय, फक्त बाल्कनीतलं पार्टिशन उघडायचंय. ते सहसा केबिन स्टुअर्ड (केबिनची देखभाल करणारा कर्मचारी) चावीने उघडतो आणि कडीने मागे अडकवतो. कडी नीट बसली नाही तर वाऱ्याने रात्रभर आपटतं. पण काही पार्टिशनं उघडतच नाहीत: मध्ये पोलादी भिंत असते, किंवा जहाजाचा फुगवटा सुरू होतो तिथे बाल्कन्या तिरक्या होतात.

डेक प्लॅनवर (जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर) हे कळत नाही. तेव्हा अनुभवींनी सांगावं:
बुकिंगआधी नेमकी जोडी कशी पडताळता?
लेखी विनंतीला जहाजावर मान मिळतो का?
सलग तीन बाल्कन्या उघडून मिळतात का?
लहान मुलं असतील तर नकार देतात का?

जहाज आणि केबिन क्रमांकासह उत्तर दिलंत तर फार उपयोग होईल.