गेट व्होल्टेज काढलं तरी कोअर्सिव्हिटी (चुंबकन उलटवायला लागणारं फील्ड) मूळ जागी येत नाही

पातळथर: खालून वर: टँटलम ५ नॅनोमीटर, कोबाल्ट-लोह-बोरॉन १.१, एमजीओ (मॅग्नेशियम ऑक्साइड) २, ॲल्युमिना ३० (एएलडीने, म्हणजे एकेक अणुथर चढवून), वर टायटॅनियम-सोन्याचा गेट. व्हॅक्यूममध्ये ३०० अंशांना तासभर ॲनील (तापवून ठेवलं). फिल्म ग्राउंडला. गेटवर +५ व्होल्ट दिले की ॲनॉमलस हॉलचा लूप (चुंबकीय फील्ड मागेपुढे नेताना फिल्मचं चुंबकन कसं उलटतं ते दाखवणारा आलेख; त्याची रुंदी म्हणजे कोअर्सिव्हिटी) जरा अरुंद होतो, −५ ला रुंद. पण −५ दहा मिनिटं ठेवले, तर शून्यावर आणूनही तो रुंदच राहतो. लीकेज १ नॅनोअँपिअरच्या आत. हा नुसता इलेक्ट्रिक फील्डचा परिणाम धरायचा का?

हॉलबार: नाही, दोन परिणाम मिसळलेत. धातूत इलेक्ट्रिक फील्ड एक-दोन अँगस्ट्रॉमच्या पलीकडे शिरत नाही, त्यामुळे बदलते ती एमजीओला लागून असलेल्या अणुथराची ॲनिसोट्रॉपी (चुंबकनाची ठरावीक दिशेची ओढ). व्होल्टेज गेलं की हा बदलही लगेच जायला हवा. आकडा काढून बघा: ५ व्होल्ट भागिले ३२ नॅनोमीटर, म्हणजे सुमारे ०.१६ व्होल्ट प्रति नॅनोमीटर. या स्टॅकला ३०–५० फेम्टोज्यूल प्रति व्होल्ट-मीटर हा गुणांक (इलेक्ट्रिक फील्डमागे ॲनिसोट्रॉपी किती बदलते) सर्रास मिळतो. ४० धरला तर ॲनिसोट्रॉपी फील्ड (चुंबकन त्या दिशेवरून पूर्ण वळवायला लागणारं चुंबकीय फील्ड) ९–१० मिलिटेस्लाने सरकेल. त्याहून बरंच जास्त दिसलं तर ते नुसत्या फील्डच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या, खात्यावर टाकू नका.

मागे उरतंय ते बहुधा ऑक्सिजन आयनांचं काम. वरचा गेट ऋण असला की ते खाली, धातूकडे ढकलले जातात. लूपची रुंदी सोडा, उंची बघा. सॅच्युरेशनचा हॉल रेझिस्टन्स कमी झाला असेल तर चुंबकीय धातू ऑक्साइडमध्ये गेलाय.

कडेचा_डोमेन: मुळात कोअर्सिव्हिटीवर भरवसा कशाला? उलटा डोमेन (उलट चुंबकनाचा तुकडा) बहुतेक वेळा एचिंगच्या कडेला किंवा एखाद्या दोषावर जन्मतो, त्यामुळे एकाच वेफरवरचे दोन हॉल-बार (मोजणीसाठी कोरलेल्या पट्ट्या) वेगळं सांगतात. २००७ साली लोह-प्लॅटिनमच्या २ नॅनोमीटर फिल्मवर द्रव इलेक्ट्रोलाइटने ती जेमतेम ४–५ टक्के हलली होती. तेवढा फरक कडेच्या खडबडीतही लपतो. चुंबकीय फील्ड जवळपास फिल्मच्या प्रतलात द्या, ३–४ अंश कलतं ठेवून, नाहीतर फिल्म डोमेनमध्ये फुटते. शून्य फील्डजवळच्या हॉल सिग्नलच्या पॅराबोलावरून ॲनिसोट्रॉपी फील्ड काढा.

ओला_एमजीओ: पाणी तपासलंत का? एमजीओ ओलावा धरतं आणि लिथोग्राफीतला पाण्यातला डेव्हलपर (नक्षी उघडी करणारं द्रावण) ते खातो. ॲल्युमिना चढवण्याआधी लिथोग्राफी केली असेल तर संशय तिथेच. तेच डिव्हाइस कोरड्या नायट्रोजनमध्ये आणि मग दमट हवेत मोजा. कोरड्यात उरलेला बदल नाहीसा झाला, तर पाण्यातून आलेले प्रोटॉन सामील आहेत.

हॉलबार: आणि पुढच्या वेळी कोऱ्या डिव्हाइसला थेट दहा मिनिटं −५ देऊ नका. आधी ±१ व्होल्टचे एका सेकंदाचे पल्स, दर पल्सनंतर शून्यावर लूप, मग अर्ध्या व्होल्टने वर. शून्यावरचा लूप ज्या व्होल्टेजला पहिल्यांदा सरकला, ती तुमची मर्यादा. आत्ताच्या डिव्हाइसवर +५ दहा-पंधरा मिनिटं ठेवून बघा. लूप मागे फिरला तर आयनांवरचा संशय वाढतो. ६० अंशांना हेच झपाट्याने होईल.