चावण्याआधी मांजर सांगते

मांडीवर स्वतःहून आलेली मांजर कुरवाळताना अचानक चावते, याला बरेच जण लहरीपणा म्हणतात. ते पटत नाही. त्याआधी शेपटीचं टोक झटकतं, पाठीची कातडी थरथरते, कान आडवे होतात, घुरघुर थांबते. हात तिथेच काढायचा.

गाल, हनुवटी, कपाळ चोळा. पोट आणि शेपटीचं मूळ टाळा. 3 सेकंद कुरवाळून थांबा, तिने डोकं घासलं तरच पुढे. दात रुतले तर हात हिसकू नका, जखम फाटते. मारू तर अजिबात नका, बिचारी घाबरून आणखी चावेल.

कधीच न चावणारी चावू लागली तर दात किंवा सांधे दुखत असतील, पशुवैद्याला दाखवा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.