टक्केवारीवर लढणारा वकील आपल्याकडेही हवा

पारिजातक: रॉबर्ट बिलॉट या अमेरिकन वकिलाचं 'एक्स्पोजर' (२०१९) हे आत्मकथन वाचून संपवलं. वेस्ट व्हर्जिनियात पार्कर्सबर्गजवळ विल्बर टेनंट या शेतकऱ्याची गुरं ओढ्याचं पाणी पिऊन मरत होती. वरच्या अंगाला ड्यूपॉन्ट कंपनी कचरा टाकत होती. बिलॉट एरवी रसायन कंपन्यांचीच वकिली करायचा. तरी १९९९ साली त्याने दावा लावला, कंपनीचे कागद मागवले आणि पीएफओए हे टेफ्लॉन बनवताना वापरलं जाणारं रसायन पिण्याच्या पाण्यात गेल्याचं उघडं पाडलं. २०१७ मध्ये साडेतीन हजारांवर दावेदारांसाठी ६७ कोटी डॉलर मिळाले.

टेनंटकडून आगाऊ फी घेतलेली नव्हती. जिंकलो तर हिस्सा, एवढाच करार. आपल्याकडे बार कौन्सिलचा नियम याला मनाई करतो. मग वीस वर्षांचा खर्च गावकऱ्यांनी कुठून आणायचा? ही बंदी उठवा.

कडूलिंब: साफ असहमत. भोपाळ आठवा. डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळतीनंतर काही दिवसांतच अमेरिकन वकील तिथे उतरले आणि वकीलपत्रांवर अंगठे घेत वस्त्यांतून फिरले. तुमच्याच गोष्टीत गावकऱ्यांच्या दाव्यात ड्यूपॉन्टशी २००४ मध्ये झालेल्या तडजोडीतून वकिलांना २ कोटी डॉलरच्या वर फी मिळाली. टेनंट २००९ मध्ये वारले, कंपनीतलं कुणी तुरुंगात गेलं नाही. हिस्सा तडजोडीत असेल तर वकील तडजोडीकडेच ओढणार.

पारिजातक: त्याच तडजोडीच्या पैशातून सुमारे ६९ हजार लोकांची रक्ततपासणी झाली! स्वतंत्र शास्त्रज्ञांनी सात वर्षं अभ्यास करून पीएफओएचा मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा आजारांशी संबंध दाखवला आणि त्यावरच पुढचे दावे उभे राहिले. घाई असलेला वकील असं करत नाही. आणि भोपाळमध्ये अंगठे घेणाऱ्या वकिलांना दूर सारून काय झालं? १९८५ च्या कायद्याने सरकारच सगळ्यांचं वकील झालं आणि १९८९ मध्ये पीडितांना न विचारता ४७ कोटी डॉलरवर मिटवून आलं.

तारीख पे तारीख: जिल्हा न्यायालयात वकिली करतो. बंदी कागदावरच आहे. मोटार अपघाताच्या दाव्यांत टक्केवारी सर्रास चालते, पण लेखी काही नसल्यामुळे अशील तक्रारही करू शकत नाही. उघडपणे परवानगी द्या, हिश्शाला कमाल मर्यादा घाला आणि करार न्यायालयात दाखल करायला लावा. दिवाणी प्रक्रिया संहितेत महाराष्ट्राने केलेल्या दुरुस्तीत त्रयस्थाने दाव्याला पैसा पुरवणं गृहीत धरलंच आहे. मग वकिलालाच का नाही?

खाडीकाठ: मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडचा. इटलीतल्या बंद पडलेल्या मितेनी कारखान्याची यंत्रं इथे लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत आली आहेत. पीएफओएच्याच जातीची रसायनं बनवणारा तो कारखाना. २०२५ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांना पाणी दूषित केल्याबद्दल शिक्षा झाल्या. म्हणून मला हा विषय जवळचा. पण टक्केवारीवाला वकील मोठी भरपाई दिसेल तिथेच येईल. खाडीत मासळी कमी झाली म्हणून भोयांचा दावा कोण घेणार? बिलॉट जिंकला तो कंपनीच्या कपाटातल्या कागदांवर. आम्हाला आधी ते कागद आणि पाण्याचे अहवाल मिळवून द्या. फीचं मग बघू.