कामू घराण्याची ब्रँडी पाच पिढ्या कशी टिकली? तासगावात जमेल का?

बागाईतदार_तासगाव: फ्रान्सच्या कोन्याकमधलं कामू घराणं १८६३ पासून ब्रँडीत आहे आणि पाचव्या पिढीतही मालकी घरातच. मार्टेल, हेनेसी या तिथल्याच ब्रँडी कंपन्या केव्हाच मोठ्या समूहांत गेल्या. हे कशावर टिकले? आणि आपल्या थॉम्पसन-सोनाका द्राक्षांपासून तसा माल निघेल का? पलूसला वाइन पार्क आहेच.

तांब्याची_भट्टी: साठ्यावर टिकले, दादा. कोन्याक, म्हणजे तिथली ब्रँडी, किमान २ वर्षं ओकच्या पिंपात मुरावीच लागते, ‘एक्सओ’ या जास्त मुरलेल्या दर्जाला १० वर्षं. बापानं भरलेलं पीप मुलगा विकतो आणि तोवर वर्षाला साधारण २ टक्के माल हवेत उडतो. एवढं भांडवल अडकवून बसायला घरचाच माणूस लागतो.

आता द्राक्ष. तिथं युनी ब्लां ही जात लावतात. ते आंबट, वाइन जेमतेम ९ टक्क्यांची, आणि तेच हवं असतं. गाळायच्या वाइनमध्ये गंधक घालत नाहीत, कारण तो भट्टीतून अल्कोहोलबरोबर वर येतो आणि मालाला दर्प लागतो. गंधकाशिवाय वाइन तग धरते ती आंबटपणावर नि तिथल्या थंडीवर. आपला थॉम्पसन २० ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडला तर ११-१२ टक्के अल्कोहोल मिळेल, पण आम्ल उतरलेलं आणि तोंडावर मार्च-एप्रिलचा उन्हाळा. टाकीतच बिघडेल. करायचंच तर १६ ब्रिक्सला तोडा, टाकी थंड ठेवा, आंबवण संपलं की लगेच गाळा.

शेडवाला: ताज्या द्राक्षाऐवजी बेदाणा शेडवरचा काळा बेदाणा भिजवून चालेल?

तांब्याची_भट्टी: गंधकाची धुरी दिलेला मुळीच नको. वर डिपिंग ऑइल, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षं बुडवतात ते तेल, असतं ते निराळंच.
गाळणी दोनदा, तांब्याच्या भांड्यात. पहिल्या वेळी २८ ते ३२ टक्के अल्कोहोल, दुसऱ्या वेळी ७० च्या आसपास. दुसऱ्या वेळचा पहिला १-२ टक्के भाग बाजूला काढा, तो नाकात झोंबतो. शेवटी भट्टीची धार वेगळी काढायला उशीर झाला की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास राहतो. आणि उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय एक लिटरही गाळू नका, गुन्हा आहे.

खुंट_रोप: इतिहासात एक राहिलं. १८७० नंतर फिलॉक्सेरा किडीनं तिथल्या बागांची मुळंच खाल्ली. कलमासाठी अमेरिकन खुंट (खालच्या मुळांची वेल) आणले, तर चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडायला लागली. शेवटी टेक्सासचे द्राक्षतज्ज्ञ मन्सन यांनी चुना सोसणाऱ्या रानवेली दाखवल्या, त्यावर कलमं टिकली. आपण खारट जमिनीसाठी लावतो तो डॉगरिज खुंटही टेक्सासचाच. मात्र त्या काळात ज्यांच्या तळघरात जुनी पिपं होती, त्यांनाच विकायला माल होता.

बागाईतदार_तासगाव: म्हणजे पुढच्या छाटणीला थोडी ओळ युनी ब्लांची, डॉगरिजवर कलम करून बघावी?

खुंट_रोप: बघा, पण डॉगरिजवर वाढ जोमात होते. पाणी-नत्र आवरा, नाहीतर काडीच काडी, घड कमी.