आप्पांना 'मालगुडी' दाखवायचंय – आगुंबे आणि अरसाळूला कुणी गेलंय का?

कृष्णाकाठची

नमस्कार. माझे वडील, आप्पा, ८१ वर्षांचे आहेत, मिरजेत माझ्याकडेच असतात. रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. मिरज-लोंढा लाईन मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची होती तेव्हा त्या लाईनवरच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांची निम्मी नोकरी गेली. 'मालगुडी डेज' ही मालगुडी नावाच्या काल्पनिक गावाची मालिका दूरदर्शनवर लागायची त्या वेळी, १९८६-८७ ला, मी चौथीत होते. क्वार्टरच्या अख्ख्या रांगेत टीव्ही एकच, मास्तरांकडे. आम्ही पोरं सतरंजीवर बसून त्यातल्या स्वामी नावाच्या शाळकरी पोरासाठी बघायचो. आप्पांची ड्यूटी नसली की ते मागे दाराच्या चौकटीला टेकून उभे असायचे, आणि पडद्यावर स्टेशन आलं की आईला म्हणायचे, "बघ, आपल्यासारखंच."

आई गेली त्याला मार्चमध्ये दोन वर्षं होतील. तेव्हापासून आप्पा काही मागत नाहीत. जेवण वाढलं की जेवतात, औषध दिलं की घेतात. गेल्या महिन्यात माझ्या मुलानं त्यांना फोनवर मालिकेचे भाग लावून दिले. दोन भाग झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हे स्टेशन खरं कुठं आहे ते विचार की कुणालातरी."

म्हणून विचारतेय. मालिकेतलं घर आगुंब्याचं आणि स्टेशन अरसाळूचं, दोन्ही कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे, एवढं मला कळलंय. ही दोन्ही एका फेरीत होतील का? आता तिथं त्यातलं काय शिल्लक आहे? आप्पांचे गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात, पण चढ जमत नाही. आणि त्या घरात राहणाऱ्या लोकांना आपण गेलेलं आवडतं का? उगाच कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं मला बरं वाटत नाही. गाडी आमचीच आहे, भाऊ चालवेल.

---

हुपरीची

ताई, जरूर न्या. आम्ही हुपरीचे, दरवर्षी हुमच्याच्या जैन मठात पद्मावतीच्या दर्शनाला जातो. हुमच्याहून रिप्पनपेटे जवळ आणि तिथून अरसाळू अगदीच जवळ. इतकी वर्षं आम्ही त्या फाट्यावरून सरळ निघून जात होतो. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात पहिल्यांदा गाडी तिकडे वळवली.

तुमच्याकडून कोल्हापूर-बेळगाव-हुबळी-हावेरीपर्यंत हमरस्ता आहे. पुढे शिकारीपूर, आनंदपुरम करून रिप्पनपेटे. त्या भागात शिरलात की सुपारीच्या बागा लागतात. पहिला मुक्काम हुमच्याला करा, मठाची धर्मशाळा आहे, जेवण साधं आणि वेळेवर मिळतं. आप्पांना एका दिवसात आगुंब्यापर्यंत ओढू नका, फार होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी अरसाळू बघायचं, मग कोणंदूर-तीर्थहळ्ळीवरून आगुंबे. तीर्थहळ्ळीहून आगुंबे तीस-बत्तीस किलोमीटर असेल, रस्ता झाडीतून जातो.

आता काय शिल्लक आहे ते सांगते. आगुंब्याला 'दोड्ड मने' म्हणून जुना वाडा आहे, कानडीत त्याचा अर्थच थोरलं घर. शंभराहून जास्त वर्षांचा. आत मोकळा चौक, भोवती लाकडी खांबांची ओसरी, वर कौलं. स्वामीचं घर ते हेच. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि पहिली नजर कुठं गेली असेल तर त्या खांबांकडे. गिरीश कर्नाड वडील म्हणून वावरतात ना, तीच ओसरी. फरक इतकाच की दोरीवर कपडे वाळत होते आणि चौकात सुपारी पसरलेली होती. मला ते फार आवडलं, कारण घर नांदतं आहे.

तुम्ही आवडेल का म्हणून विचारलंत, तो प्रश्न योग्य आहे. ते कुणाचं तरी राहतं घर आहे, तिकीट काढून बघायची जागा नव्हे. आम्ही आधी फोन करून गेलो. त्यांनी बसवलं, गरम कषाय दिला (धणे-जिऱ्याचा, दूध-गूळ घालून), मग घर दाखवलं. मुक्कामाचीही सोय होती. दर ठरलेला नव्हता, आपण समजून द्यायचं. म्हणून जाताना मनाशी ठरवून जा आणि हात आखडू नका. मात्र आम्ही बसलो होतो तेव्हा दुसरी एक मंडळी आली, विचारल्याशिवाय जिन्यावर चढली, स्वयंपाकघरात डोकावून फोटो काढले. घरातल्या बाई काहीच बोलल्या नाहीत. मला मात्र अजून आठवलं की वाईट वाटतं.

पायऱ्या आहेत, पण ओसरीपर्यंतच्या मोजक्याच. आप्पांना वर माडीवर न्यायची गरजही नाही, सगळं काही चौकातच आहे.

---

तुंगातीर

मी नोकरीमुळे अकरा वर्षं शिवमोग्ग्यात आहे, माहेर सांगली. वरच्या माहितीत थोडी भर घालते.

जून ते सप्टेंबर अजिबात जाऊ नका. आगुंब्याला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या दिवसांत धुक्यात समोरचं झाड दिसत नाही आणि पायवाटांवर जळवा असतात. डिसेंबर-जानेवारी उत्तम. सूर्यास्ताची जागा घाटाच्या तोंडाशीच आहे, गाडी अगदी जवळ जाते. हवा स्वच्छ असली तर खाली लांबवर समुद्राची रेघ दिसते. धबधब्यांचा नाद मात्र सोडा, ती सगळी उतरणीची वाट आहे.

अरसाळूच्या जुन्या स्टेशनची इमारत रेल्वेनं दुरुस्त करून २०२० मध्ये तिथं मालगुडी संग्रहालय केलं. ते काम जॉन देवराज यांनी केलं, मालिकेचे कलादिग्दर्शकही तेच. म्हणजे ज्या माणसानं तेव्हा त्या जागेचं मालगुडी केलं, त्यानंच तिला पस्तीस वर्षांनी पुन्हा हात लावला. शिवमोग्गा-ताळगुप्पा पॅसेंजर अजून तिथं थांबते. तुमच्या आप्पांसाठी एवढं कराच: पॅसेंजरची त्या दिवशीची वेळ बघून त्याआधी अर्धा तास पोचा.

आणखी एक, कारण आपल्याकडे हे विसरलं जातं. दिग्दर्शक शंकर नाग उत्तर कन्नडचे, पण त्यांची उमेदवारी मुंबईत मराठी नाटकांत झाली. अनंत नाग त्यांचे थोरले भाऊ, तेही मालिकेत आहेत. कर्नाडांचा जन्म माथेरानचा. शीर्षकातली रेखाटनं आर. के. लक्ष्मण यांची, म्हणजे मूळ लेखक आर. के. नारायण यांच्या धाकट्या भावाची. शंकर नाग १९९० मध्ये दावणगेरेजवळ मोटार अपघातात गेले तेव्हा अवघे पस्तीस वर्षांचे होते. इथं रिक्षांच्या पाठीवर आजही त्यांचं चित्र असतं. आगुंब्यातल्या कितीतरी गावकऱ्यांनी मालिकेत बारीकसारीक कामं केली होती. आप्पांना बोलायची आवड असेल तर चौकातल्या हॉटेलात वयस्कर माणसं भेटतील. भाषेची काळजी करू नका.

---

कृष्णाकाठची

दोघींचे मनापासून आभार. काल रात्री परतलो. तुम्ही सांगितलंत तसंच केलं, हुमच्याचा मुक्काम, मग अरसाळू, मग आगुंबे.

मला वाटलं होतं की आप्पांना संग्रहालय आवडेल. आतली चित्रं, स्वामीच्या आठवणी सगळं त्यांनी बघितलं, पण पाच मिनिटांत बाहेर आले आणि फलाटाच्या टोकाकडे चालू लागले. काठी टेकत टेकत पार शेवटपर्यंत. मी मागं धावले. तिथं उभं राहून ते रुळांकडे बघत होते. म्हणाले, "मोठी लाईन झाली की गं." मग मला दाखवू लागले: सांधा इथं असणार, लिव्हर इकडे, रात्रीची गाडी असली की कंदील घेऊन इथपर्यंत यायचं. धावत्या इंजिनातल्या ड्रायव्हरला टोकनचा गोळा, म्हणजे पुढं जायच्या परवानगीची खूण, द्यायचा तर हात कसा धरायचा, वेताची कडी कोपरात कशी अडकवून घ्यायची, हे त्यांनी काठी माझ्या हातात देऊन करून दाखवलं. चुकलं तर कडी खांद्यावर बसते. आप्पांच्या उजव्या खांद्यावर व्रण आहे. तो कशाचा, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. आईला माहीत असणार.

पॅसेंजर आली. दोन बायका दुधाची रिकामी कॅन घेऊन उतरल्या, एक मुलगा चढला, गाडी गेली. आप्पांनी ती नजरेआड होईपर्यंत हात वर धरला होता, सगळं ठीक आहे हे दाखवायला धरतात तसा. गार्डनं खरोखर उलट हात केला. मग जुन्या डब्यात चहाचं दुकान केलंय तिथं बसलो. आप्पांनी दोन चहा घेतले.

आगुंब्याच्या घरी आधी फोन केला होता. कषाय मिळाला. आप्पा चौकात खांबाला टेकून बसले, फार बोलले नाहीत. निघताना घरातल्या बाईंना नमस्कार करून मराठीतच म्हणाले, "घर छान ठेवलंय हो." त्यांना कळलं असावं, त्या हसल्या. आप्पांच्या हातात त्यांनी वेलदोड्यांची पुडी ठेवली.

सूर्यास्त दिसला नाही, ढग होते. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही.

पुढे कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असेल तर दोन गोष्टी. अरसाळूच्या फलाटावर ऊन फार लागतं, छत्री न्या. आणि तीर्थहळ्ळी ते आगुंबे वाटेत स्वच्छतागृह मिळालं नाही, तेव्हा तीर्थहळ्ळीतच जाऊन घ्या. खर्च चौघांचा, तीन दिवसांचा, डिझेलसकट साडेअकरा हजार झाला. वाड्यात जे दिलं ते यात धरलेलं नाही.

आज सकाळी आप्पांनी मुलाला बोलावून पुढचा भाग लावायला सांगितला. स्टेशनच्या प्रसंगाला फोन थांबवून त्याला सांगत होते, "इथं मी उभा होतो बघ."