प्रतिसाद: किनाऱ्याची क्रूझ आणि आईबाबांचा व्हिसा

सॅन फ्रान्सिस्कोला चढून लॉस एंजेलिसला उतरायची क्रूझ मिळत नाही ती मागणी नसल्यामुळे, हे वरचं म्हणणं पटलं नाही. अडचण १८८६च्या अमेरिकी कायद्याची आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजांना (मोठी क्रूझ जहाजं बहुतेक तशीच) एका अमेरिकी बंदरात घेतलेले प्रवासी थेट दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवता येत नाहीत. म्हणून कॅलिफोर्नियाच्या फेऱ्यांत मेक्सिकोतलं एन्सेनाडा आणि सिॲटलहून अलास्काला जाणाऱ्यांत कॅनडातलं व्हिक्टोरिया हा परदेशी थांबा हमखास दिसतो.

भारतातून आईबाबांना बोलावून नेणार असाल तर हा थांबा आधी बघा, कृपया! भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकी व्हिसा असेल तर मेक्सिकोला वेगळा लागत नाही. कॅनडाला मात्र लागतो. व्हँकुव्हरहून निघणारी क्रूझ स्वस्त दिसली तरी आधी कॅनडाचा व्हिसा हातात येऊ द्या, मगच पैसे भरा.